अन्नशुद्धीपुरतं तूप

आमच्या घरातल्या पुरुषांना बूट होत नसत. वडील बुटाची मागची बाजू चेपून तो चपलेसारखा ओढत चालायचे, दादाही तसाच. टाचेच्या वर जी शीर असते, ती दोघांचीही अंगठ्याएवढी जाड होती आणि बूट नेमका तिथेच चावायचा. विशी ओलांडल्यावर माझीही तशीच होत गेली. आई याला घराण्याची खूण म्हणायची. वडिलांच्या बुबुळांभोवती पांढरट कडं होतं आणि वरच्या पापण्यांवर, नाकाजवळ, पिवळसर डाग. तेही आम्हाला रुबाबदार वाटायचे. मी कॉलेजात असताना आरशात स्वतःची पापणी ओढून बघायचो, माझा डाग उमटला का म्हणून.

वडील गेले तेव्हा मी मॅट्रिकला होतो. सकाळी अंघोळ करून आले, धोतर नेसता नेसता भिंतीला टेकून खाली बसले आणि बसलेच. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. दादा तर चाळिशीपर्यंतही पोचला नाही. पण त्याच्या बाबतीत आम्हाला निदान सेवा करायला मिळाली. पहिल्या झटक्यानंतर तो वर्षभर घरी पडून होता. त्या वेळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, हलू देऊ नका आणि ताकद भरून काढा. ताकद म्हणजे दूध, लोणी, तुपातले डिंकाचे लाडू आणि रोजची अंडी. आमच्या घरात अंडं येत नसे. आईने तेवढ्यापुरती पाठ फिरवली. सक्करदऱ्याच्या बाजारातून मी कापडी पिशवीत अंडी आणायचो, मागच्या अंगणात स्टोव्हवर उकडायचो आणि मीठ-मिरी लावून दादाला भरवायचो. तो नको म्हणाला की मी रागवायचो. इतक्या मायेने मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं काही केलेलं नाही. तरी दादा गेला. वहिनी माहेरी निघून गेल्या, मूलबाळ नव्हतं.

मग माझ्या लग्नाचं बघायला लागले आणि दोन स्थळं आली तशी परत गेली. कारण कुणी सांगितलं नाही, पण आईला कळलं. तिसरं स्थळ हुडकेश्वरचं होतं. हुडकेश्वर तेव्हा गावच होतं, आमच्या सक्करदऱ्याहून सायकलने जायचं तर मध्ये नुसती शेतं. मुलीचे वडील आमच्याकडे आले, सतरंजीवर बसले आणि त्यांनी विचारायचं ते विचारलं. आई म्हणाली, यांना विषमज्वर झाला होता आणि मोठ्याला कावीळ. मी तिच्या शेजारीच बसलो होतो. माझ्यासमोर पोह्यांची बशी होती. मी तिच्यावरची कोथिंबीर चमच्याने एका बाजूला करत राहिलो.

मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला एवढ्यावरच निभावून नेलं.

लग्न झालं. मी सरकारी कचेरीत नकाशे काढायच्या कामावर होतो, बायको हुडकेश्वरच्या मोकळ्या घरातून आमच्या दोन खोल्यांत आली आणि रुळली. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचो. त्यांच्या घरी म्हशी होत्या, त्यामुळे तूप घरचं. आमच्या भागात पुरणपोळी तुपात बुडवून खातात, वरून धार सोडून भागत नाही; ताटात तुपाची वाटी वेगळी मांडावी लागते. जावयाची वाटी मामाजी स्वतःच्या हाताने भरायचे आणि ती रिकामी होईपर्यंत समोर उभे राहायचे. तळाशी राहिलं तर म्हणायचे, "प्या तेवढं, जवाईबापू. वाटीले कायले ठेवता?"

त्यांना जावई दोन. पण माझी वाटी मोठी असायची. पहिल्या दिवाळीपासून. साडूंच्या ते लगेच लक्षात आलं. ते माझ्या कानाशी म्हणायचे, "काय जादू केली गा तुम्ही म्हाताऱ्यावर? आमाले पळीभर अन् तुमाले गंगाळ." मलाही त्याचं नवल वाटायचं. दोघांत माझीच नोकरी लहान होती. मला वाटायचं, मी शांत असतो म्हणून आवडत असेन. आणि ज्या माणसाशी आपण पहिल्याच दिवशी लबाडी केली, त्याच्या हातचं तूप पिताना ते घशाखाली कसं उतरतं, हे मला चांगलं ठाऊक झालं.

मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना कचेरीत वरचे साहेब यायचे होते, म्हणून सगळ्यांना बूट घालायचा हुकूम सुटला. मी नवे बूट घेतले. दोन दिवसांत टाचेवरची सालं निघाली, तिसऱ्या दिवशी पू झाला. सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक तरुण डॉक्टर होते, नुकतेच परदेशातून शिकून आलेले. त्यांनी जखम बघायला पाय हातात घेतला, टाचेवरची शीर दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि जखम विसरूनच गेले. मग हाताची बोटं मिटायला लावून मुठीवरून अंगठा फिरवला. खिडकीशी नेऊन पापणी ओढून पाहिली. तोवर माझा डाग उमटला होता.

"वडील आहेत?"

"नाहीत. गेले."

"कशाने?"

माझ्या तोंडात विषमज्वर आलाच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "खरं सांगा. इथे काही सोयरीक जमवायची नाही."

त्यांना काय माहीत ते किती नेमकं बोलले. मी खरं सांगितलं. वडिलांचं, दादाचं, बुटांचं. तोंडून निघालेलं ते पहिलं खरं, आणि तेही परक्या माणसाजवळ.

त्यांनी रक्त काढून घेतलं आणि दोन दिवसांनी बोलावलं. शेजारच्याच खोलीत तपासणी व्हायची. तिथे नेऊन त्यांनी मला काचेच्या नळ्या दाखवल्या. रक्ताच्या वरच्या पाण्यात कसलीशी आम्लं घातली की कोलेस्टेरॉल असेल तेवढा हिरवा रंग चढतो, असं ते म्हणाले. एका नळीत कैरीच्या पन्ह्याइतकी फिकट हिरवट छटा होती. दुसरीतला हिरवा असा गडद की पलीकडचं दिसेना. कुठली माझी, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. आकडा चारशेच्या पुढे होता.

कोलेस्टेरॉल हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. त्यांनी तो मला मराठीत समजावला. रक्तात एक चरबीसारखा पदार्थ असतो, तो सगळ्यांनाच लागतो. पण काही घराण्यांत तो जन्मापासूनच फार असतो, शरीराला त्याचा निपटारा करता येत नाही. मग तो जागा मिळेल तिथे बसतो. पापण्यांवर, टाचेच्या शिरेत, आणि काळजाच्या रक्तवाहिन्यांत. म्हणजे ज्याला आम्ही घराण्याची खूण म्हणून मिरवत होतो, ती खरंच खूण होती. वाचणारा कुणी नव्हता इतकंच.

"मुलं किती?"

"एक मुलगी."

"तिलाही असू शकतं. नाणं उडवल्यासारखं आहे, छापा किंवा काटा. घेऊन या तिला. रक्त बघू."

मी मान हलवली.

मुलीचं रक्त तपासायचं तर बायकोला कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की सतरंजी, पोहे, कावीळ, सगळंच सांगावं लागणार. मी घरी गेलो आणि म्हणालो, डॉक्टरांनी पित्त सांगितलं आहे, तूप-लोणी बंद, फोडणीला करडईचं तेल. ती म्हणाली, पित्ताचं आणि करडईचं काय नातं. मी म्हणालो, डॉक्टर मोठे आहेत. झालं. आमच्या घरात जवसाच्या तेलाची जागा करडईने घेतली, अंडं तर नव्हतंच. डॉक्टरांनी वनस्पती तुपालाही हात लावू नका म्हणून बजावलं होतं. पुष्कळ घरांनी तेव्हा साजूक सोडून वनस्पती धरलं होतं, झाडाचं ते चांगलं म्हणून. त्यावर ते चिडायचे.

औषधांचं मात्र त्या काळात असं ठाम काही नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. आधी एक कॅप्सूल दिली. तिने आकडा थोडा उतरला आणि आम्ही दोघं खूश झालो. दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनीच ती बंद केली. बाहेरून बातमी आली होती की तिने कोलेस्टेरॉल उतरतं, पण घेणाऱ्यांचं आयुष्य काही वाढताना दिसत नाही. दवाखान्यातले दुसरे डॉक्टर त्यांची चेष्टा करायचे. एकदा माझ्यासमोरच एक जण म्हणाले, यांना रोग सापडत नाही, आकडा सापडतो. आमचे डॉक्टर हसले आणि मला म्हणाले, चालू ठेवा पथ्य. मग गुग्गुळाच्या गोळ्या झाल्या. मग दुसरी एक गोळी आली, जीवनसत्त्वाच्या जातीची. ती घेतली की अर्ध्या तासात चेहरा, मान, छाती लालभडक व्हायची आणि अंगभर मुंग्या चावल्यासारखं व्हायचं. बायकोने पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरली. पित्तच ते, अंगावर उठलं. तिने आमसुलं भिजत घातली आणि ते पाणी माझ्या पाठीला चोळत बसली. रोज. तिच्या बोटांना आमसुलाचा लाल रंग बसला होता. मी पाठ करून बसलेलो असायचो, म्हणून माझं तोंड तिला दिसायचं नाही.

पित्ताची सबब हुडकेश्वरला मात्र चालली नाही. उलट झालं. मामाजींना कळलं तेव्हा ते म्हणाले, पित्तावर तुपासारखं औषध नाही, शहरातल्या डॉक्टरांना काय कळतं. वाटी आणखी मोठी झाली. घरी मी थेंब घेत नव्हतो आणि सणावारी सासऱ्यांसमोर वाटी पीत होतो. नाही म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं. मी भित्रा माणूस आहे. मला तूप प्यायला सोपं गेलं.

डॉक्टर दर खेपेला मुलीचं विचारायचे. ताप आहे म्हणालो, परीक्षा आहे म्हणालो. शेवटी ती आठ-नऊ वर्षांची असताना मी सांगून टाकलं की गावाकडे एका ठिकाणी तपासून घेतलं, तिचं ठीक निघालं. डॉक्टर खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. ते मनापासून आनंदले होते. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

आतापर्यंत जे लिहिलं त्यात आईचा वाटा होता, काळाचा होता. हे एक खोटं मात्र निखळ माझं आहे.

मी स्वतःची समजूत अशी घालायचो: कळून तरी काय करणार आहेत? औषधं येतात आणि जातात. डॉक्टरांच्यातच एकमत नाही. पोरीला उगाच आजारी म्हणून शिक्का बसेल, उद्या लग्नाला आडवा येईल. माझ्या आईने माझ्यासाठी जे केलं तेच मी तिच्यासाठी करतो आहे. रोज ती अंगणात अनवाणी धावली की माझी नजर तिच्या टाचेवर जायची. माणसं पोराबाळांचं तोंड बघतात. मी टाच बघायचो.

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात मी नेहमीप्रमाणे दवाखान्यात गेलो. डॉक्टर आता तरुण राहिले नव्हते, केस पांढरे होत होते. त्या दिवशी ते वेगळेच दिसले. समोर बसवून म्हणाले, "दहा वर्षं मी तुम्हाला जे सांगत आलो ते माझ्या खात्रीवर. आता पुरावा आला आहे. कोलेस्टेरॉल खाली आणलं की झटके कमी होतात, हे तिकडे नीट पडताळून पाहिलं आहे. मी काही वेडा नव्हतो." त्यांच्या आवाजात इतकं हायसं वाटणं होतं की मलाही बरं वाटलं. एक नवी पूड आहे, पाण्यातून घ्यायची, रेतीसारखी लागते, ती मागवू म्हणाले. आणि मग म्हणाले, "जितकं लवकर सुरू करावं तितकं बरं. लहानपणी कळलं तर सगळ्यांत चांगलं. तुमची मुलगी सुटली, हे किती बरं झालं."

मी बाहेर आलो. सायकलचं कुलूप काढलं आणि तसाच उभा राहिलो. काही उपाय नाही, या एका भिंतीला टेकून मी इतकी वर्षं बसलो होतो. ती भिंत त्या माणसाने आनंदाच्या भरात काढून घेतली.

त्याच महिन्यात अधिक लागला होता. धोंड्याचा महिना, जावयाला जेवायला बोलावण्याचा. आम्ही तिघं हुडकेश्वरला गेलो. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची, स्वतःच्या सायकलवर. पोचल्यावर पाहतो तर ती शाळेचे नवे बूट हँडलला लटकवून अनवाणी, एका पायाने लंगडत येते आहे.

"काय झालं?"

"बूट चावून राहिला बाबा. टाचेले."

हातपाय धुऊन पाटावर बसलो. शेजारी मुलगी, पलीकडे साडू. धोंडे वाढले, कणकेचे, आत पुरण भरलेले. मामाजी तुपाचं भांडं घेऊन आले आणि पहिल्याने माझ्यापाशी वाकले. पळी भरून वर आली. मुलीने मांडी घातली होती आणि तिची टाच माझ्याकडे होती. शिरेवर लाल चट्टा.

मी वाटीवर हात ठेवला.

"मामाजी, नको. मला काळजाचा रोग आहे."

साडूंचा घास हातातच राहिला. मी थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. म्हणालो, माझे वडील विषमज्वराने गेले नाहीत, दादा काविळीने गेला नाही, दोघंही काळजानेच गेले. तुम्ही घरी आलात तेव्हा मी शेजारी बसून ऐकलं आणि गप्प राहिलो. पित्तबित्त काही नाही. हा रोग रक्तातून येतो, हिलाही असू शकतो, आणि मी तिचं रक्त तपासलेलं नाही.

मामाजी पळी धरून तसेच वाकलेले. मग त्यांनी पळी भांड्यात सोडली, भांडं खाली ठेवलं आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसले.

"ते तं मले माहीत होतं," ते म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही.

"तुमच्या दादाच्या तेरवीले आमच्याकडले दोघं जेवून गेले होते, जवाईबापू. पोरगी द्याच्या आधी चौकशी नाही करत का कोणी? तुमच्या मायनं कावीळ सांगतली, तवाच समजलं का बाई भिऊन राहिली. इधवा बाई, एक पोरगा उरला. मी काय तिले तोंडावर खोटी पाडू?"

"मग दिली कशी तुम्ही?"

"पोरगं चांगलं होतं. अन् काळीज कमजोर असन तं त्याले ताकद देता येते, असं मले वाटे. घरी म्हशी होत्या." ते माझ्या वाटीकडे बघत होते. "म्हणून तं तुमाले इतके वर्ष वाटीभर पाजून राहिलो होतो. दुसऱ्या जवायापेक्षा तुमाले जास्त."

साडूंनी खाली पाहिलं. गंगाळाची थट्टा त्यानंतर त्यांनी कधी केली नाही.

मामाजींनी मग विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज म्हाताऱ्याचा झाला होता, "तुपानं वाढते का हा रोग?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्या वेळी ते चांगुलपणाचंही ठरलं असतं. पण मी म्हणालो, "तुपाने भर पडते. मूळ मात्र जन्मापासूनचं आहे." ते तोंडावर हात ठेवून बसले. तेव्हा मला दादाची अंडी आठवली. त्या अंड्यांविषयी मी कुणाजवळ बोललो नव्हतो, आईजवळही नाही. मी त्यांना सांगितलं. पिशवी, स्टोव्ह, मीठ-मिरी, आणि तो नको म्हणायचा तेव्हा मी कसा रागवायचो, ते. म्हणालो, मामाजी, तुम्ही जे केलं ते मीही केलं आहे. माझ्या भावाला. तेव्हा डॉक्टरसुद्धा तेच सांगत होते. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. सोळा वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. जावई म्हणजे मानाचा माणूस.

स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिच्या हातात धोंड्यांची परात होती आणि सगळं तिने ऐकलं होतं, हे तिच्या उभं राहण्यावरून कळत होतं. मी तिच्या बोलण्याची वाट बघत होतो. लग्नाविषयी, आमसुलांविषयी. तिने परात खाली ठेवली.

"पोरीचं रक्त काहून नाही पाहिलं?"

"भीती वाटली."

"मले सांगितलं नाही, त्याचं मंग पाहू. तुमाले लय ऐकवणार हाओ मी. आधी पोरीचं. कधी जाऊन राहिलो आपण?"

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं दवाखान्यात होतो. मुलीच्या पोटात आदल्या संध्याकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं, यावर बायकोचा पहारा होता. डॉक्टरांना मी दारातच सांगून टाकलं की मी तुमच्याशी खोटं बोललो होतो, हिचं रक्त कधीच तपासलेलं नाही. मला वाटलं ते रागावतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मुलीला म्हणाले, "ये बेटा, बाही वर कर." तेवढंच. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

निकालाला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत बायकोने कबूल केल्याप्रमाणे मला ऐकवलं. स्वयंपाक करता करता, धुणं वाळत घालता घालता, क्रमाने. लग्नाचं तिला फारसं वाटलं नव्हतं. बापानेच जाणूनबुजून दिलं म्हटल्यावर तो राग अर्धा तिकडे गेला. तिला झोंबलं ते आमसुलाचं पाणी. "इतकं चोळलं मी," ती म्हणाली, "अन् तुमी बसून राहत होते." पण एक सांगतो, ते ऐकताना मला बरं वाटत होतं. माझ्याशी कुणी खरं भांडतं आहे, मी जो आहे त्या माणसाशी, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच होत होतं.

डॉक्टरांनी आम्हाला परत त्या नळ्यांच्या खोलीत नेलं. तीच खोली, रंग उडालेली, तोच उभा लाकडी स्टँड. मी मुद्दाम आकडा विचारला नाही. नळीकडेच पाहिलं. फिकट हिरवट, कैरीच्या पन्ह्यासारखी. पलीकडची खिडकी, तिचे गज, बाहेरचा कडुनिंब, सगळं आरपार दिसत होतं.

"काटा पडला," डॉक्टर म्हणाले. "आता खरोखर सुटली."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. बायकोने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, मग टाच? डॉक्टरांनी मुलीला शेजारच्या टेबलावर बसवून दोन्ही टाचा चिमटीत धरून पाहिल्या. बारीक, घट्ट, साध्या. मग खाली वाकून तिचे बूट हातात घेतले आणि हसले.

"बूट एका नंबराने लहान आहेत. कुणी घेतले?"

मीच घेतले होते.

पोळ्याला आम्ही परत हुडकेश्वरला गेलो. बैल धुऊन, शिंगं रंगवून उभे होते, अंगणभर पुरणाचा वास होता. मामाजींना निकाल आधीच कळवला होता. पंगत बसली. माझ्या ताटात या वेळी तुपाची वाटी नव्हती, त्याऐवजी दुधाची होती, साय काढलेल्या. मामाजी भांडं घेऊन आले आणि माझ्या भातापाशी थबकले.

"अन्नशुद्धीपुरतं तं लागते, जवाईबापू. त्याच्याबिगर पंगत सुरू होत नाही. इचारलं का तुमच्या डॉक्टरले?"

विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, एका थेंबाने काही होत नाही, आणि म्हाताऱ्याचं मन मोडू नका. मी तसं सांगितलं. मामाजींनी पळी पुन्हा पुन्हा झटकून घेतली, अगदी टोकाशी एक थेंब आणला आणि तो माझ्या भातावर टेकवला. नकाशावर शाईचा ठिपका द्यावा तसा.

आज हे लिहिताना मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. आमच्या घरातला या वयाचा पुरुष मी पाहिलेला नाही, म्हणून पुढे कसं वागायचं असतं हे मला नीटसं माहीत नाही. रेतीसारखी पूड पाण्यातून घेतो. तिकडे आणखी एक नवी गोळी निघाली आहे, तिने आकडा निम्म्यावर येतो म्हणतात, आपल्याकडे यायची आहे. डॉक्टर तिची वाट माझ्याहून जास्त बघताहेत. मुलीसाठी आता एखाददुसरं स्थळ येतं. चहा यायच्या आधी मी टाचेचं सांगून टाकतो, माझ्याही आणि तिच्याही. बायको म्हणते, निदान त्यांना बसू तरी द्या.

त्या पोळ्याचं थोडं राहिलं. माझ्या भातावर थेंब टेकवून मामाजी पुढे सरकले आणि मुलीची वाटी भरायला लागले. काठोकाठ भरली तरी हात थांबेना.

"आबा, बस ना," ती म्हणाली. "मले तूप आवडतच नाही."

"आवडत नाही काय वं? तपासून आली ना तू?" मामाजींनी आणखी एक पळी घेतली. "हे तुह्या बापाच्या वाटचं हाय. खा लागते."

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, खा.